अमेरिकन कॉलेजचा माणूस शहरात येतो तेव्हा

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या कॉलेजांची प्रवेश कार्यालयं अर्धी रिकामी होतात. अ‍ॅडमिशन ऑफिसर मंडळी बॅगा भरून निघतात, ती नोव्हेंबरच्या तोंडावर परततात. कोणी भाड्याची गाडी घेऊन ओहायोतल्या शाळा पालथ्या घालतं, कोणी टेक्सासातल्या. काही जण रात्री दोनला मुंबईच्या विमानतळावर उतरतात आणि सकाळी आठला पवईच्या एखाद्या शाळेत प्रोजेक्टर सुरू होण्याची वाट बघत उभे असतात. आपल्याकडे तेव्हा गणपती तरी असतात, नाहीतर नवरात्र.

ज्या मुलामुलींना बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेला जायचं आहे, त्यांना या दौऱ्याचा खूप उपयोग करून घेता येतो. पण मुंबई-पुण्यातल्या अशा सभांना मागच्या रांगेत बसून पाहिलं की एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. बाबा विचारतात, 'सॅटला किती स्कोअर लागतो?' आई विचारते, 'स्कॉलरशिप मिळते ना?' मुलगा मोबाइलमध्ये. मग सगळे चकचकीत माहितीपत्रक आणि फुकटचं पेन घेऊन घरी जातात. दोन्ही प्रश्नांची उत्तरं कॉलेजच्या वेबसाइटवर होती. जे वेबसाइटवर नाही ते सांगू शकणारा माणूस समोर उभा होता, त्याला कोणी काही विचारलंच नाही.

आधी एक घोटाळा निस्तरू. भारतातून अमेरिकेला जाणारे बहुतेक विद्यार्थी एमएस किंवा पीएचडीसाठी जातात. २०२३-२४ मध्ये तिथे असलेल्या सुमारे ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थ्यांपैकी पदवीच्या वर्गांत फक्त ३६ हजारांच्या आसपास होते. शरद ऋतूत शाळांच्या दौऱ्यावर येणारा ऑफिसर या ३६ हजारांच्या रांगेसाठी असतो. एमएसचे प्रवेश सहसा त्या त्या विभागातले प्राध्यापक ठरवतात. त्यामुळे इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाला घेऊन त्याच्यापुढे रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. त्याला त्यातलं फारसं माहीत नसतं, आणि तो तसं सौजन्याने सांगतोही.

हा माणूस करतो काय, ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कॉलेज आपल्या ऑफिसरांना जगाचे भाग वाटून देतं. एकाकडे न्यू जर्सी, एकाकडे टेक्सास, आणि एकाच्या वाट्याला अख्खा दक्षिण आशिया, वर पश्चिम आशियाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो आपल्या भागात फिरतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तोच माणूस त्याच भागातून आलेले अर्ज वाचतो, त्यावर टिपणं लिहितो आणि समितीपुढे त्या मुलांची बाजू मांडतो. सगळीकडे अगदी असंच नसतं. मोठ्या सरकारी विद्यापीठांत अर्ज कोणाच्याही हाती पडू शकतो. पण छोट्या आणि मध्यम खासगी कॉलेजांत बहुधा हीच पद्धत आहे. म्हणजे समोर उभी असलेली दमलेली व्यक्ती उद्याची तुमची पहिली वाचक आहे.

यातून पालक लगेच निष्कर्ष काढतात की मग हिच्यावर छाप पाडली पाहिजे. इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. ही मुलगी बघण्याची बैठक नव्हे. ती तुमची निवड करायला आलेली नाही. दिवसाला चार शाळा, प्रत्येक ठिकाणी वीस-तीस चेहरे, संध्याकाळी हॉटेलात पालकसभा, रात्री साठलेले ईमेल, पहाटे बंगळूरुचं विमान. जानेवारीत तुमचा अर्ज उघडताना तिला तुमचा चेहरा आठवणार नाही. आठवलाच तर एखादा चांगला प्रश्न आठवेल, नाहीतर एखादा त्रास.

काही कॉलेजं मात्र तुम्ही आलात, नाव नोंदवलंत याची दखल घेतात. त्याला तिकडे 'डेमन्स्ट्रेटेड इंटरेस्ट' म्हणतात. कोण दखल घेतं हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. 'कॉमन डेटा सेट' नावाचा एक तक्ता बहुसंख्य कॉलेजं दरवर्षी प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की सापडतो. त्यात सी-७ या भागात मार्क, निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत यांना कॉलेज किती वजन देतं ते लिहिलेलं असतं. शेवटाकडे अर्जदाराच्या उत्सुकतेची ओळ असते. हार्वर्ड आणि एमआयटी ती धरत नाहीत, त्यामुळे त्यांच्या सभेला पाच वेळा हजेरी लावून काही मिळत नाही. छोटी खासगी कॉलेजं पुष्कळदा धरतात. तिथे दारातला क्यूआर कोड स्कॅन करून नाव, जन्मतारीख आणि ज्या ईमेलवरून अर्ज भरणार तोच ईमेल द्या. वडिलांच्या ऑफिसचा ईमेल दिलात तर ती नोंद तुमच्या अर्जाला जुळणारच नाही.

ही मंडळी इतक्या लांब येतात कशाला, हेही ध्यानात असू द्या. धर्मादाय म्हणून कोणी येत नाही. अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांहून अधिक मुलं जन्मली. नंतर मंदी आली आणि जन्मांचा आकडा उतरत गेला. २००७ची ती मुलं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली, आता घरच्या घरी मिळणारे विद्यार्थी कमी होत जाणार. नावाजलेल्या संस्थांना त्याची झळ नाही. यूसीएलएकडे पहिल्या वर्षासाठी वर्षाला १ लाख ४० हजारांहून जास्त अर्ज येतात. पण पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यूयॉर्क राज्याचा आतला भाग इथल्या कितीतरी छोट्या, चांगल्या कॉलेजांना परदेशी मुलं हवी आहेत, आणि पूर्ण फी भरणारी तर हवीच आहेत. कॉलेज फेअरमध्ये बड्या नावाच्या टेबलापुढे चाळीस जणांची रांग असते आणि शेजारच्या टेबलावरची बाई एकटी बसून माहितीपत्रकांची चवड नीट करत असते. तिच्याकडे जा. ती तुमच्याशी वीस मिनिटं बोलेल आणि तिच्या कॉलेजात मेरिट स्कॉलरशिप असण्याची शक्यताही जास्त.

आता पैशांचा विषय. यावर आपली माणसं एकतर अजिबात बोलत नाहीत किंवा नुसतंच 'स्कॉलरशिप' म्हणतात. खासगी कॉलेजात राहणं-जेवण धरून वर्षाचा खर्च आज कितीतरी ठिकाणी ८० हजार डॉलरच्या वर गेला आहे. त्यात सवलत दोन वाटांनी मिळते. एक गुणांवर, म्हणजे मेरिट. दुसरी घरच्या परिस्थितीवर, म्हणजे नीड. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा अतिनामांकित ठिकाणी मेरिट स्कॉलरशिप नसतेच. तिथे मदत फक्त गरजेवर. 'माझ्या मुलीला ९७ टक्के आहेत, तुमच्याकडे स्कॉलरशिप किती?' या प्रश्नाला प्रिन्स्टनचा माणूस हसून उत्तर देईल, पण त्या उत्तराचा उपयोग शून्य.

गरजेवरच्या मदतीतही एक भेद आहे, आणि तो कळला नाही तर वर्ष फुकट जातं. काही मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे की नाही हे न बघता निर्णय घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अलीकडे ब्राउन ही त्यांतली. बाकी बहुतेक ठिकाणी मदतीचा अर्ज केला की स्पर्धा आणखी कठीण होते, कारण परदेशी मुलांसाठीची थैली मर्यादित असते. हा भेद तुमच्या ऑफिसरला विचारायचाच. 'परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तर त्याच्या निवडीवर परिणाम होतो का?' एवढाच प्रश्न. त्यापुढचा: 'गेल्या वर्षी किती परदेशी मुलांना मदत मिळाली आणि सरासरी किती?' हा प्रश्न उद्धट नाही. त्याच कॉमन डेटा सेटमध्ये एच-६ या भागात हे आकडे असतात. ते आधी वाचून गेलात तर संभाषणाची पातळीच बदलते. स्कॉलरशिप चारही वर्षं मिळते का, त्यासाठी किती जीपीए राखावा लागतो, फी दरवर्षी वाढली तर स्कॉलरशिपही वाढते का, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'नाही' असतं, आणि तिथेच घरचं गणित बिघडतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो वगैरे कॅम्पसवर परदेशी विद्यार्थ्याला गरजेवरची मदत धरूच नका. कर्ज काढून जायचा बेत असेल तर तो हिशेब घरी, बँकेत बसून करायचा. कॅम्पसवर काम करून फी निघेल अशा भ्रमात राहू नका. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं, त्यातून किरकोळ खर्च भागतो.

सीएसएस प्रोफाइल नावाचा मदतीचा फॉर्म भरताना एकत्र कुटुंबातल्या मंडळींची पंचाईत होते. घर आजोबांच्या नावावर, गावची जमीन चार भावांत, सातबाऱ्यावर नाव आहे पण उत्पन्न नाही. हे अ‍ॅडमिशन ऑफिसरला समजावत बसू नका. तो प्रवेशाचा माणूस आहे, पैशांचं ऑफिस वेगळं. त्याच्याकडून फक्त आर्थिक मदत कार्यालयाचा ईमेल घ्या आणि जमिनीचा, घराचा खुलासा साध्या शब्दांत तिकडे लेखी पाठवा.

बोर्डाच्या मुलांसाठी

यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इतर मार्गदर्शनात हा भाग बहुधा गळतो. हे ऑफिसर मुंबईत आले की सहसा आंतरराष्ट्रीय शाळांत जातात. तिथे आयबी किंवा केंब्रिजचा अभ्यासक्रम असतो, पूर्णवेळ काउन्सेलर असतो आणि तो त्यांना आधीपासून ओळखतो. सांगलीच्या किंवा नांदेडच्या ज्युनिअर कॉलेजात कोणी येत नाही. म्हणून महाराष्ट्र किंवा गोवा बोर्डाच्या मुलांनी सार्वजनिक फेअर, हॉटेलातल्या संध्याकाळच्या सभा आणि ऑनलाइन माहिती सत्रं धरायची. २०२० नंतर ऑनलाइन सत्रं भरपूर झाली आहेत, आपल्या वेळेला संध्याकाळीही असतात, आणि त्यात नोंदवलेली हजेरीही धरली जाते. अमेरिकन परराष्ट्र खात्याचं 'एज्युकेशनयूएसए' हे सल्ला केंद्रांचं जाळं आहे. मुंबईत ते यूएसआयईएफ या संस्थेमार्फत चालतं. येणाऱ्या कॉलेजांच्या कार्यक्रमांची माहिती तिथून मिळते. कुठल्याही कन्सल्टन्सीचं दार ठोठावण्याआधी तिथे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑफिसर भेटला की बोर्डाच्या मुलाने विचारायचा सगळ्यात मोलाचा प्रश्न हा: 'महाराष्ट्र बोर्डाच्या विद्यार्थ्याची फाइल तुम्ही कशी वाचता?' त्याच्या उत्तरावरून त्याला आपली व्यवस्था किती माहीत आहे ते कळतं. बऱ्याच जणांना नसते. दहावीचा टक्का सहापैकी उत्तम पाच विषयांवर काढतात, बायफोकल म्हणजे दोनशे मार्कांचा एक विषय, शास्त्र शाखेत जीवशास्त्र सोडता येतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ते तिथे उभ्या उभ्या सांगत बसायचं नाही, तर कॉलेजकडून एका पानाचं 'स्कूल प्रोफाइल' तयार करून घ्यायचं. आंतरराष्ट्रीय शाळा हे पान आपणहून पाठवतात. ज्युनिअर कॉलेजांना त्याची सवय नसते. वर्गात किती मुलं, कोणते विषय उपलब्ध, बारावीला सर्वोच्च किती आणि साधारण किती टक्के पडतात, एवढं प्राचार्यांच्या सहीशिक्क्याने लिहून मिळालं तरी पुरे.

दुसरी गोष्ट अकरावी. आपल्याकडे अकरावी हे सुट्टीचं वर्ष. इंटिग्रेटेड क्लासला जाणाऱ्या कितीतरी मुलांचे अकरावीचे मार्क कोणी गांभीर्याने घेत नाही, मुलगा नाही, कॉलेज नाही आणि क्लासवाले तर नाहीच. अमेरिकन कॉलेज मात्र नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्क मागतं. अर्ज नोव्हेंबर-जानेवारीत जातो तेव्हा बारावीचा निकाल लागलेला नसतो, म्हणजे हातात अकरावी हेच सगळ्यात ताजं पूर्ण वर्ष. तिथे ५८ टक्के दिसले तर ऑफिसर विचारात पडणारच. तुम्ही आत्ता दहावीत असाल तर हे वाक्य पुन्हा वाचा. बारावीत असाल तर सहामाही आणि प्रिलिम नीट लिहा, कारण जानेवारीनंतर कॉलेज वर्षाच्या मध्याचे मार्क मागतं आणि तेच पुढे जातात.

शिफारसपत्रांचा एक रिवाज आपल्याकडे रूढ आहे: 'तूच लिहून आण, मी सही करतो.' असं करू नका. वर्षाला हजारभर फाइली वाचणाऱ्याला विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहिलेलं पत्र दुसऱ्या ओळीत ओळखू येतं. एकशेवीस मुलांच्या वर्गात सरांना तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काही आठवत नसेल, तर त्यांना एक पान द्या. प्रॅक्टिकलला काय बिघडलं आणि तुम्ही काय केलंत, कुठला प्रश्न विचारलात, कोणाला शिकवलंत, असे दोन-तीन प्रसंग. पत्र मात्र त्यांनीच लिहायचं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, त्यात माणूस दिसला पाहिजे. काउन्सेलर नसेल तर त्या जागी प्राचार्य किंवा उपप्राचार्य चालतात. फक्त त्यांचा कॉलेजचा अधिकृत ईमेल हवा. सरांच्या खासगी जीमेलवरून आलेल्या कागदांबद्दल शंका घेतली जाते.

काय विचारावं, काय नेऊ नये

चांगला प्रश्न ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. उत्तर गुगलवर असेल तर विचारू नका. सॅट अनिवार्य आहे का हे वेबसाइटवर ठळक लिहिलेलं असतं. एमआयटीने ती सक्ती २०२२ मध्येच परत आणली, डार्टमथ, ब्राउन आणि हार्वर्डने २०२४ मध्ये तसं जाहीर केलं. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर स्कोअर बघतच नाही. 'मला इतके मार्क आहेत, माझं होईल का?' याचं उत्तर कोणताही प्रामाणिक ऑफिसर देऊ शकत नाही. जो 'नक्की होईल' म्हणतो त्याच्यापासून चार हात लांब राहा.

विचारायचं असेल तर मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलण्याबद्दल विचारा. आपल्या मुलांना सरसकट कॉम्प्युटर सायन्स हवं असतं, आणि 'आत्ता गणितात शिरू, मग बदलू' असा सल्ला नातेवाइकांकडून मिळतो. बर्कलीत २०२३ पासून कॉम्प्युटर सायन्ससाठी सुरुवातीलाच स्वतंत्र प्रवेश घ्यावा लागतो. इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनमध्येही मागच्या दाराने आत जाणं फार अवघड आहे. छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत मात्र बहुधा दुसऱ्या वर्षाअखेर मेजर जाहीर करायचा असतो. हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि ऑफिसरला अचूक माहीत असतं. सुट्टीत वसतिगृह बंद होतं का, पहिल्या वर्षी परदेशी मुलांपैकी किती जण सोडून जातात, इंटर्नशिपला परदेशी मुलांना किती अडचण येते, हेही विचारा. शेवटचा प्रश्न विचारल्यावर तो थोडा थांबला तर त्या थांबण्यातही माहिती असते.

प्रश्न मुलानेच विचारावा. आई-बाबांनी मागे बसावं, आणि पैशांचे प्रश्न मात्र खुशाल त्यांनीच विचारावेत. मुलाचं इंग्रजी बंबईया आहे, अडखळतं आहे, याची लाज नको. या माणसाने त्याच आठवड्यात ढाका आणि काठमांडूतही मुलांशी बोलणं केलेलं असतं, त्याचा कान तयार असतो.

नेऊ नये अशा वस्तूंमध्ये पहिली म्हणजे प्रशस्तिपत्रकांची जाड प्लॅस्टिकची फाइल. स्कॉलरशिप परीक्षा, प्रज्ञा शोध, कराटेचा पट्टा, आंतरशालेय वक्तृत्व, सगळ्याच्या झेरॉक्स. ऑफिसर त्या विमानात नेऊ शकत नाही. त्या नेमाने हॉटेलच्या खोलीत राहतात. जे काही पाठवायचं ते अर्जाच्या पोर्टलमधून. दुसरी वस्तू भेट. शाल, श्रीफळ, पेढे, चितळ्यांची बाकरवडी, सगळं मनापासून असतं हे मला कळतं. पण उद्या ज्याचा अर्ज वाचायचा आहे त्याच्याकडून भेट घेणं त्याला अडचणीचं होतं. फारतर थंड पाण्याची बाटली विचारा. शाळेत बोलावलं असेल तर वर्गात पंखा आणि प्रोजेक्टर चालू आहे की नाही हे आधी बघून ठेवा. त्याचा आशीर्वाद पेढ्यांपेक्षा मोठा असतो.

हॉटेलात भरणारा प्रत्येक 'एज्युकेशन फेअर' एका जातीचा नसतो. टेबलामागे कॉलेजचा पगारी ऑफिसर आहे की त्या कॉलेजकडून कमिशन घेणारा एजंट, हे पहिल्याच मिनिटाला विचारा. एजंट असणं गुन्हा नाही, कित्येक विद्यापीठं त्यांच्यामार्फत मुलं घेतात. पण त्याचा सल्ला त्याच्या यादीत असलेल्या कॉलेजांपुरताच असणार हे धरून चाला. 'आजच स्पॉट अ‍ॅडमिशन, आजच डिपॉझिट' असं ऐकू आलं की पाकीट खिशात ठेवा. प्रवेश अधिकाऱ्याचं व्हिजिटिंग कार्ड घ्या आणि त्यावरचा ईमेल कॉलेजच्या डोमेनचा आहे का ते बघा.

अमेरिकेतच, एडिसन किंवा डॅलसला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सोपं आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये ऑफिसर थेट येतात, मुलं शाळेच्या नॅव्हियन्स किंवा स्कॉयरसारख्या प्रणालीत नाव नोंदवून तास बुडवायची परवानगी घेतात. ड्यूक, जॉर्जटाउन, हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि स्टॅनफर्ड ही पाच मंडळी तर 'एक्सप्लोरिंग कॉलेज ऑप्शन्स' नावाने एकत्रच शहरोशहरी फिरतात. तुमच्या मुलाचा एच-४ व्हिसा असेल तर एक गोष्ट ऑफिसरला जरूर विचारा: आम्हाला परदेशी धरता की स्थानिक? उत्तर कॉलेजागणिक बदलतं. सरकारी मदतीचा एफएएफएसए फॉर्म मात्र एच-४ मुलांसाठी नाही.

वेळापत्रक

कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांचा सामायिक ऑनलाइन अर्ज) १ ऑगस्टला उघडतं. निबंध ६५० शब्दांच्या आत. अर्ली डिसिजन आणि अर्ली अ‍ॅक्शनच्या मुदती बहुतेक १ आणि १५ नोव्हेंबर, नेहमीच्या जानेवारीच्या सुरुवातीला. कॅलिफोर्निया विद्यापीठाची मुदत नोव्हेंबरअखेरीस आणि त्याचा फॉर्म वेगळा. आता यावर आपलं कॅलेंडर ठेवून बघा. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरलाच होतं. मुदतीच्या आधीचा आठवडाभर ज्युनिअर कॉलेजचं ऑफिस बंद, क्लार्क गावी, शिक्का कपाटात. नववी-दहावीची गुणपत्रकं आणि शाळेचे शिक्के वेगळ्याच शाळेतून आणायचे असतात, ते तर गणपतीच्या आधीच आणून ठेवा. दिवाळी कधीही येवो, दसऱ्याला सगळे कागद पोर्टलवर चढलेले हवेत.

अर्ली डिसिजन म्हणजे बांधील अर्ज. मिळालं तर जायचंच. आर्थिक मदतीची तुलना करून मग ठरवायचं असेल, तर माझ्या मते त्या वाटेला जाऊ नये, ऑफिसरने कितीही गोड शब्दांत सुचवलं तरी. त्याला आपला वर्ग डिसेंबरातच अर्धा भरलेला हवा असतो, यात त्याचं हित उघड आहे. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये ही बांधिलकी नाही.

भेटीनंतर दोन-तीन दिवसांत एक ईमेल लिहा. पाच-सहा ओळी. कुठे भेटलो, कोणत्या गोष्टीवर बोलणं झालं, त्यावर नंतर मी काय वाचलं, आणि असेल तर एक खरा प्रश्न. उत्तर आठवडाभर आलं नाही तर घाबरू नका, तो तेव्हा कोलंबोत किंवा विमानात असेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात काही तातडीचं निघालं, तर त्याच्याऐवजी ऑफिसच्या सामायिक पत्त्यावर लिहा. डिसेंबर-जानेवारीत अर्ज वाचन चालू असताना 'माझ्या अर्जाचं काय झालं' अशी पत्रं पाठवू नका. तेव्हा लिहायचं असेल तर काहीतरी ठोस बदललेलं असावं, प्रिलिमचे मार्क, एखाद्या स्पर्धेचा निकाल. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये प्रवेश मिळाला की मात्र तोच माणूस तुमचा. मदतीची रक्कम कमी वाटते, बारावीचा निकाल मेमध्ये लागेल तो कसा पाठवायचा, व्हिसासाठी लागणारा आय-२० कधी येईल, हे सगळं त्याला बिनधास्त विचारा. उत्तर देण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते. तोवर त्यालाही तुम्ही यावं असं मनापासून वाटत असतं. आणि या सगळ्या ईमेलमध्ये आई-बाबांना सीसीत ठेवू नका.